‘नाही’वरची खूण

अमेरिकेत, कोलंबस शहरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी बिनिता एम.एस. झाली, पण नव्वद दिवसांत नोकरी लागली नाही तर तिला नेपाळला परतावं लागणार होतं. प्रत्येक अर्जात प्रश्न असायचा, ‘पुढे व्हिसासाठी कंपनीची मदत लागेल का?’ ही ‘हो’वर खूण करायची आणि नकार यायचा.

“अगं हरिश्चंद्राच्या नाती!” मोमो वळता वळता मी चिडवलं. “‘नाही’ म्हण की. कोण बघतंय?”

ऐंशीव्या दिवशी तिनं तसं केलं. होकार आला, आम्ही नाचलो. मग कागद तपासताना खोटं उघडं पडलं, नेमणूक रद्द झाली आणि दिवसही संपले.

काल तिचं सामान बांधताना मी रडून माफी मागितली.

“दिदी, सांगितलं तुम्ही,” ती म्हणाली, “पण खूण मीच केली ना?”