निळ्या गोळीचा शुक्रवार

अगं ये, जवळ ये अशी. कागदावरून बोलतेय म्हणून काय झालं, ऐकणारं माणूस मला शेजारी बसलेलं लागतं. आणि आधी थोडी बोलणी खा. एवढी शिकलीस, बँकेत साहेबीण झालीस, आणि असलं फोनवर विचारतात? "मावशी, काकांना त्या दिवशी नक्की काय झालेलं?" इकडे सूनबाई समोर मेथी निवडत बसलेली, नातू पाढे म्हणतोय. मी काय सांगणार? "अटॅक गं," म्हटलं आणि फोन ठेवला. सगळ्यांना तेच सांगितलंय इतकी वर्षं. पण तू जाता जाता म्हणालीस ना, तुझ्या नवऱ्यालाही आता छातीची गोळी सुरू झालीय म्हणून. ते ऐकल्यापासून घास गोड लागेना. मग वही काढली. चौथी शिकलेली कळव्याच्या खाडीवरची कोळीण मी, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

तुझ्या काकांचं दुखणं पंचाण्णव-शहाण्णवच्या आसपासचं. डोंबिवलीला आम्ही मानपाडा रोडला राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. हे एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत. घरी आले की कानाच्या पाळ्या कधी पिवळ्या, कधी गुलाबी, त्या दिवशी कंपनीत जो रंग निघाला असेल तो. एकदा पाण्याचा हंडा घेऊन जिने चढले आणि दारातच छाती धरून बसले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रोजच्या गोळ्या दिल्या आणि वर एक बारकी गोळी दिली. दुखलं की खाली बसायचं, ती जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दुसरी.

ती डबी मी माझ्याकडे घेतली. माझी आय बाजारात मासे विकायला बसायची, मोलाचं जे असेल ते कमरेच्या बटव्यात. मलाही तीच सवय. तेव्हा धाकटे भावोजी, म्हणजे माझे दीर, चेष्टा करायचे, "दादाचा जीव वहिनीच्या कमरेला!" मला ते आवडायचं. खरंच सांगते, अभिमान वाटायचा. तीन-चार महिन्यांतून एकदा दुखायचं, मी गोळी ठेवायची, पाच मिनिटांत चेहऱ्यावर रंग यायचा आणि हे म्हणायचे, "चहा टाक."

पण त्या आजारपणानंतर आणखी एक गोष्ट बंद पडली. आता हे कसं लिहू? याला आपल्याकडे शिव्या भरपूर आहेत, साधा शब्द एकही नाही. तू बाई आहेस, समजून घे.

यांची सुट्टी शुक्रवारची. पोरगा कॉलेजला, पोरीचं लग्न झालेलं. दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायकोला तेवढी एकच दुपार. जेवून दाराला कडी लावायची, शेजारीणही समजून घ्यायची, वाटी मागायला चारनंतर यायची. त्या दुपारी यांना जमेना. एकदा, दोनदा, मग प्रत्येक वेळी. मग हे जेवण झालं की पायात चपला घालून निघायचे. विचारलं तर म्हणायचे, "भाजी बघून येतो." भर दुपारी दोन वाजता कुठली भाजी गं?

मी एकदा म्हटलं, "राहू द्या ना. वय झालं आपलं." मायेनं म्हटलेलं. पण यांना ते असं लागलं की आठवडाभर माझ्या हातून पाण्याचा तांब्या घेतला नाही.

मग उपाय सुरू झाले, गुपचूप. त्या वेळी रुळाकडेच्या भिंतींवर जाहिराती रंगवलेल्या असायच्या, तू लहानपणी मोठ्याने वाचायचीस आणि तुझी आई चिमटा काढायची, त्याच. कल्याणला कुठल्याशा लॉजवर दर बुधवारी एक वैद्य यायचा. त्याच्याकडून करड्या रंगाची पूड आणली. दुधातून घेतली आणि तीन दिवस संडासाबाहेर आले नाहीत. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. हसले असते तर संसारच मोडला असता.

नव्व्याण्णव साली भावोजी मस्कतहून सुट्टीवर आले. चॉकलेटं, अत्तर, मोठी बॅटरी, सगळं आणलं. दोघे भाऊ गॅलरीत बसलेले, मी आत चहा गाळत होते.

"दादा, ही घे. चारच आहेत. तिकडे मोठमोठे साहेब घेतात. आधी तासभर घ्यायची, बस्स."

"अरे, पण माझं छातीचं औषध चालू आहे."

"छातीचं छातीला, ह्याचं ह्याला! दोन खाती वेगळी रे."

"डॉक्टरला विचारू का?"

"विचार ना. दवाखान्यात बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांनाही सांग, पेढे वाट." आणि दोघे हसले. भावोजींच्या मनात वाईट नव्हतं गं. भावाचा पडलेला चेहरा त्यांना बघवत नव्हता.

मी निळी गोळी पहिल्यांदा पाहिली ती त्या शुक्रवारी, यांच्या तळहातावर. खोटं कशाला बोलू, ती दुपार चांगली गेली. यांचे कान लाल, तोंड तापलेलं, मला जरा भीती वाटली. पण दुसऱ्या दिवशी हे शीळ घालत दाढी करत होते. चार वर्षांनी ऐकली ती शीळ. तरी मी म्हटलं, "डॉक्टरांच्या कानावर घाला. बाहेरून आणलेली, चिठ्ठीशिवायची गोळी. तुमच्या छातीला चालते की नाही कुणी बघितलंय?"

हे एकदम भडकले. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला. कुणापुढे हा शब्द काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

तुम्हा पोरींना आता शपथेचं काही वाटत नाही. आमच्यात शपथ घातली की ज्याने घातली त्यानेच "सुटली" म्हणावं लागतं, तोवर सुटत नाही. आणि ही तर कुंकवाची शपथ.

तरी मी डॉक्टरांकडे गेलेली. शपथ मोडायची नाही, नाव न घेता विचारायचं, असं ठरवून. दवाखाना म्हणजे एक खोली, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे बाक, बाकावर आमच्या बिल्डिंगच्या तिघी. आत सुई टोचली तरी बाहेर "आई गं" कुणी म्हटलं ते कळायचं. डॉक्टर म्हणाले, "बोला ताई." मी तोंड उघडलं. बाहेर बाक एकदम गप्प झालं. मी म्हटलं, "खोकला येतोय." लाल औषधाची बाटली घेऊन घरी आले. चार दिवस प्यायले, खोकला नसताना.

पुढच्याच शुक्रवारी यांनी दुसरी गोळी घेतली. साडेबाराच्या सुमारास असेल. जेवण झालं, कडी लावली. आणि मग यांनी एकदम छातीवर हात दाबला. घाम फुटला. "दुखतंय," म्हणाले.

माझा हात कमरेकडे गेलाच. विचार असा केलाच नाही गं. इतकी वर्षं जे केलं ते केलं. यांना भिंतीला टेकवून बसवलं, जिभेखाली गोळी ठेवली, वारा घालत बसले. पाच मिनिटांत रंग यायचा तो आला नाही. उलट होता तो गेला. ओठ पांढरे, डोळे वर, अंग बर्फासारखं. दुखणं थांबलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी दुसरी ठेवली. आणि हे बसल्या जागी कलंडले. माझ्या या हाताने, बघ. दुसऱ्या कुणी नाही.

कडी काढून ओरडले. शेजारच्यांनी खुर्चीत बसवून खाली नेलं, रिक्षात घातलं. नर्सिंग होम जवळच होतं. निरोप गेला तसे पोरगा आणि भावोजीही आले. सिस्टर म्हणाली, "पेशंटचं नाव सांगा." मी पोराकडे बघितलं. नवऱ्याचं नाव मी दिरासमोर कधी घेतलेलं नाही. पोराने सांगितलं.

डॉक्टर तरुण होते. प्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं. "एवढं कसं पडलं? घरी काय दिलंत?"

"जिभेखालची. दोन."

"आणखी काही घेतलंय? कुठलंही औषध?"

पोरगा माझ्याकडे बघतोय. शेजारीण बघतेय. भावोजींनी मान खाली घातली आणि बारीकशी हलवली, नको म्हणून. मी म्हटलं, "नाही."

बाटली लावली, पाय उंच केले. थोडा वेळ गेला. डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "प्रेशर थोडं वर येतंय. दुखणं चालूच आहे. आणखी वर आलं की ते जिभेखालच्या गोळीतलंच औषध शिरेतून सुरू करायचं. तयार ठेवा."

मी ते ऐकलं. मला औषधातलं काय कळणार, पण डोळ्यांनी बघितलेलं ना मी. एक ठेवली तेव्हा रंग गेला, दुसरी ठेवली तेव्हा हे पडले. एरवी त्याच गोळीने उठून चहा मागायचे. त्या दिवशी वेगळं काय होतं? एकच.

मी यांच्या कानाशी वाकले. "ऐका हो. शपथ सुटली म्हणा. एकदा म्हणा, सुटली." यांचे डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते. ऐकू येत होतं की नाही, देव जाणे. "नुसती मान हलवा. सुटली म्हणा ना." ओठ हलले नाहीत. तिकडे सिस्टर औषध भरतेय. सांगितलं तर शपथेने मरणार, नाही सांगितलं तर औषधाने. तशी उभी होते बघ मी, पदराचा बोळा तोंडात धरून. किती वेळ, आठवत नाही. पण जेवढा गेला तेवढा माझ्यामुळे गेला.

शेवटी डॉक्टरांची बाही धरली. शब्द तर नव्हताच माझ्याकडे. म्हटलं, "साहेब, पुरुषांची ती निळी गोळी असते ना, परदेशातली, ती घेतलीय यांनी. साडेबारा वाजता." सगळ्यांसमोर. पोरासमोर.

डॉक्टर सिस्टरवर ओरडले, "ठेवा ते! लावू नका!" मग माझ्याकडे वळले. "हे आल्याबरोबर का नाही सांगितलंत?"

मी यांच्या उशाशी जाऊन उभी राहिले.

तीन दिवस काचेपलीकडे ठेवलं यांना. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बसवलं, दार लावलं, आणि समजावलं. ते तुझ्यासाठी लिहिते, नीट वाच. म्हणाले, "ताई, ती गोळी विष नाही. आपल्याकडे अजून आलेली नाही, पण मी वाचलंय तिच्याबद्दल. तपासून, चिठ्ठीने दिली तर पुष्कळांना चालते. पण ज्याला जिभेखालची गोळी लागते, त्याने ती घ्यायचीच नाही. दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आल्या की प्रेशर जमिनीला टेकतं." मी विचारलं, कुणी घेऊनच बसला आणि छातीत दुखलं तर? "तर जिभेखाली काही ठेवायचं नाही. तडक दवाखान्यात आणायचं आणि उंबऱ्यातच सांगायचं, काय घेतलं आणि किती वाजता. एक दिवस उलटेपर्यंत तरी आम्हाला ते दुसरं औषध देता येत नाही. आणि मुळात हृदयाला तेवढा ताण झेपेल का, हे आधी बघायला नको?"

म्हणजे यांच्यासाठी दोन्हीतली एकच गोळी होती, आणि ती कुठली हे ठरलेलंच होतं.

हे घरी आले. जीव वाचला म्हणून सगळे मला धीराची म्हणाले. पण यांनी माझ्याकडे पाठ केली ती केलीच. पोराच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत. भावोजी सुट्टी संपायच्या आधीच परत गेले, पुढे पत्र पोराच्या नावाने यायचं. शुक्रवारी दुपारी मी कडी लावायची नाही, दार सताड उघडं ठेवायची, म्हणजे यांना चपला घालून उन्हात जायला नको. तरी जायचे. मी एकदा विचारलं, "मी बोलले नसते तर बरं झालं असतं का?" हे पेपर वाचत होते. पान उलटलं. मी पुन्हा विचारलं नाही.

असे अडीच वर्षं जगले. गेले ते छातीनेच, सकाळी दूध आणायला गेलेले तेव्हा. डबी घरी, माझ्या कमरेला. त्या अडीच वर्षांत ते सुखी होते का, मला सांगता येत नाही. मी त्यांना वाचवलं की उघडं पाडलं, तेही अजून कळत नाही. कुणाला विचारायची सोय तेव्हाही नव्हती.

तू जावयांना सरळ विचार. लाजू नकोस, त्यांनाही लाजवू नकोस. डॉक्टरांकडे जाताना असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने, कुणी दिलेल्या, कुठून आणलेल्या, सगळ्या. आणि तुला बोलता येत नसेल तर मला घेऊन जा, मी बोलते. आता मला काय, म्हातारीला कोण हसणार?

फोन नको करूस. ये. या रविवारी सूनबाई माहेरी जातेय, घरात मी एकटीच. बोंबलाचं कालवण करून ठेवते. दोघंही या, पण तू जरा आधी ये.