तणसावरची सवारी

तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास आला की ती सकाळ आठवते. बैलजोडी विकून मी लष्कराचा जुना ट्रक घेतला होता. पहिल्याच खेपेला सौंदडहून गोंदियाच्या गिरणीत धान न्यायचं होतं. पोती भरण्याआधीच एक शेतकरी बाळंतपणात अडलेल्या बायकोला घेऊन आला. तिला मागे पोत्यांखाली अंथरलेल्या तणसावर निजवून, नवऱ्याला तिच्याजवळ बसवून मी दवाखान्याकडे ट्रक पळवला. वाटेत त्यानं टपावर थाप मारली. "गेली ते," म्हणाला. मी ट्रक वळवला आणि पुन्हा तसाच वेग घेतला. तो म्हणाला, "आता काऊन पळवून राहिला गा? हळू चालव, तिले गचके बसतेत." त्यांना घरी पोचवलं, ट्रक झाडला आणि दुपारी धान भरलं. रडू आलं नाही. पहिली खेप कशाची होती, असं नातू विचारतो, तेव्हा मी धानाची म्हणून सांगतो.