सापळे टांगलेले, इंजेक्शन चालूच

बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी लागायला लागली, तेव्हा गावात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढून घेणारे, वाटले गेले. देऊळघाटच्या अलीकडे आमचं शेत. बाबांनी सापळे काठ्यांना नीट बांधले, एका ओळीत, आल्यागेल्याने बघावेत असे. पण त्यात अडकलेले अळीचे पतंग त्यांनी एकदाही मोजले नाहीत. पतंग वाढले तरच फवारा, असं कृषी सहायक घसा कोरडा करून सांगून गेला होता. बाबांची फवारणी ठरायची शेजारच्या पंपाच्या आवाजावर. मी चिडायचो.

"सापळा रिकामा हाये, मंग फवारता काऊन?"

"बाजूच्यानं मारलं ना बे," ते पाठीवर पंप चढवत म्हणायचे. विषय संपला.

मी बुलढाण्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. तिथेही माझी हीच रड. पूर्वी न्यूमोनियाच्या पेशंटचा बेडका जंतू वाढवून बघायला, कल्चरला लावला की उत्तराला दोन-तीन दिवस लागत. तोवर डॉक्टरांनी अँटिबायोटिक चालू केलं तर त्यांना दोष कसा द्यायचा? मग नवं मशीन आलं. जंतूच्या जनुकांचा माग काढून ते दीड तासात सांगायचं, छातीत बॅक्टेरिया आहे की व्हायरस. मी धावत रिपोर्ट वॉर्डात न्यायचो: फक्त व्हायरस. अँटिबायोटिकचा व्हायरसवर काडीचा उपयोग नाही, हे काय डॉक्टरांना मी शिकवायचं? रिपोर्ट फाइलला लागायचा आणि इंजेक्शन चालूच. डबा खाताना मी सगळ्यांच्या नावाने बोटं मोडायचो. मशीन काय हळदकुंकू वाहायला आणलंय?

मग त्याच वॉर्डात बाबा आले, ऐन वेचणीच्या तोंडावर. ताप, धाप, एक्स-रेत उजवी बाजू पांढरी. बेडका मीच मशीनला लावला. फ्लूचा व्हायरस निघाला, बॅक्टेरिया एकही नाही. फ्लूच्या गोळ्या सुरू झाल्या. अँटिबायोटिक पहिल्या दिवसापासून चालू होतंच. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि राउंडला डॉक्टर माझ्याकडे वळले.

"रिपोर्ट तुमचाच आहे. रक्ताच्या तपासण्याही ठीक आहेत. अँटिबायोटिक बंद करू या?"

किती महिने मी या प्रश्नाची वाट बघत होतो! बाबांच्या उशाशी आत्या बसली होती. तिने शेजारच्या खाटेकडे हात केला.

"त्याले रोज दोन दोन इंजेक्शनं हायेत, अन् माह्या भावाचं बंद करता काऊन?"

शेजारच्याच्या छातीत बॅक्टेरियाच निघाला होता. त्याचा रिपोर्टही मीच काढला होता. दोघांचा आजार वेगळा, एवढं सांगितलं असतं तरी आत्याला पटलं असतं. पण बाबांना पुन्हा धाप लागली तर? सगळे माझ्याकडे बोट दाखवतील. मी घाबरलो, दुसरं काही नाही.

"राहू द्या सर," मी म्हणालो. "कोर्स पूर्ण होऊ द्या."

डॉक्टर मान डोलावून पुढच्या खाटेकडे गेले.

न्यूमोनिया बरा झाला. पण बाबांना जुलाब लागले ते थांबेनात. अँटिबायोटिकमुळेच, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणखी दहा-बारा दिवस खाट. घरी आले तेव्हा मोरीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागे. भरलेला पंप एका झटक्यात पाठीवर घेणारा माणूस तो. त्यांना आधार देताना मला स्वतःचाच राग यायचा. त्या वर्षी ते वेचणीला शेतात गेलेच नाहीत.

एका सकाळी ओट्यावर उन्हात बसून त्यांनी विचारलं, "तुह्या मशीनीत माह्या छातीतलं काय निघालं होतं?"

"व्हायरस."

"त्याच्यावर ते इंजेक्शन चालते का?"

"नाही."

"मंग देल्लं काऊन बे?"

दुसरं काही सांगता आलं असतं.

"बाजूच्याले चालू होतं, बाबा."

ते हसले नाहीत. उठायला त्यांनी हात पुढे केला.