बंद दारांच्या तिफणी

अणदूरचा आमचा सुतार मोठा भित्रा. मारका बैल लांबून दिसला तरी पारावर चढायचा. लाकूड तासायला वाकस हातात घेण्याआधी कपाळाला भंडारा लावायचा आणि काहीही विचारा, शेवटी म्हणायचा, "खंडोबा हाय की." आम्ही हसायचो.

रझाकारांच्या भयानं अर्धं गाव हद्दीपार सोलापूरकडं निघालं. आमचीही गाडी भरली. वडील त्याला म्हणाले, "चल की आमच्यासंगं."

त्यानं आपल्या छपराकडं बोट दाखवलं. "भ्या तर लई वाटतंय, दादा. पण तिफणी समद्यांच्या माझ्याच छपरात पडल्यात. तुमी आल्यावर पेरणार कशानं? खंडोबा हाय की."

निजामाचं राज्य गेलं आणि रब्बीच्या तोंडाला आम्ही परतलो. गल्लीत अजून बरीच दारं बंद होती. पण प्रत्येक कुलपाखाली भिंतीला टेकून एकेक तिफण उभी होती. दुरुस्त केलेली, दांडीला भंडारा लावलेली.

वडिलांनी आमच्या तिफणीवरून हात फिरवला. "आमी येणारच, हे तुला सांगितलं कुणी रं?"

गल्लीत तेवढ्यात एक बैल शिरला होता, म्हणून सुतार आमच्या ओट्यावर चढून भिंतीला चिकटला होता. तिथनंच म्हणाला, "खंडोबा हाय की."