मामींची रिमोटला शिकवणी

चकवा, मुंजा, हडळ... यांपैकी कोणी मला आजवर भेटलेलं नाही. भेटलं असतं तर मी आधी त्यांचा ग्राहक क्रमांक विचारला असता. हिंगोलीला वीज खात्यात बिलाच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. लोकांचे असे अनुभव मी आवडीने वाचतो, पण चहासोबत खारी खावी तसे. बायको म्हणाली, "मंग आपल्या घरचं काहून लिहीत न्हाई?" म्हणून लिहितोय. यात भूत नाही, अमावस्या नाही. भर दुपारची, घरच्या माणसांदेखत घडलेली गोष्ट आहे.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. माझी सासुरवाडी वसमत तालुक्यातलं कुरुंदा. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामा हळदीचे शेतकरी, ऐकायला जरा कमी. त्यामुळे टीव्ही इतक्या मोठ्याने लावत, की गल्लीच्या टोकाला गिरणीत दळणाला आलेल्या बायकांना बातम्या फुकटात कळायच्या.

दिवाळीनंतर मामींची थोरली बहीण, आक्का, नरसीहून आली. कधी नव्हे ती आलेली. दोघी बोलायला बसल्या आणि मामांनी टीव्ही लावला. मामी म्हणाल्या, आवाज कमी करा. पण ते ऐकू जायला आधी आवाज कमी असायला हवा होता ना! आक्कांना वाटलं, आपलं येणं जड झालं. न जेवता त्या जीपने परत गेल्या. त्या दिवसापासून मामींनी मामांशी बोलणं सोडलं. चहा झाला, पाणी तापलं, हे सगळं त्या शेजारणीला सांगायच्या. शेजारीण नसली तर म्हशीला. मामांनी ते बाजूने ऐकायचं.

हळद शिजवायचे दिवस आले तरी अबोला कायम. बायको, म्हणजे सुनंदा, त्या काळजीने निम्मी झाली होती. आणि मामांची काळजी काय, तर रिमोट! त्याची बटणं झिजली होती. टीव्ही असेंबल केलेला, बनवणाऱ्याने दुकान कधीच बंद केलेलं. तसा रिमोट कुठे मिळेना. टीव्हीवरची बटणं तर आधीच आत गेलेली. जावई वीज खात्यात, म्हणजे विजेवर चालणारं सगळं त्याला समजतं असा मामांचा पक्का समज. मग मी नांदेडहून 'लर्निंग रिमोट' आणला. म्हणजे असा रिमोट, की त्याच्या तोंडासमोर जुना रिमोट धरायचा, जुन्याचं बटण दाबायचं आणि नव्याने ते शिकून घ्यायचं. नव्याचा लाल दिवा दोनदा मिचकला की शिकला. फडफडत राहिला की नापास. एवढं सोपं.

मी आणि सुनंदा सकाळी कुरुंद्याला पोचलो. साडू आमच्या आधी हजर. मेव्हणीचे यजमान, वसमतला कापडाचं दुकान. माझी फजिती बघायची म्हटलं की दुकान बंद ठेवून येतील असा माणूस.

"या, या इंजिनियर," साडू म्हणाले. "तुमचा मास्तर शिजला."

झालं होतं असं, की मामी लपवतील म्हणून मामा जुना रिमोट सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरायचे. सकाळी हळदीच्या कढईवर वाकले आणि रिमोट आत! झाऱ्याने काढला तेव्हा हळदीच्या गड्ड्यासारखा पिवळाधम्मक.

तरी मी पुसून, नवे सेल घालून प्रयत्न केला. नवा रिमोट फडफडला. नापास. साडूंनी स्क्रू काढून आतली हिरवी पट्टी बाहेर काढली आणि ताटात घालून अंगणात उन्हात ठेवली. सेलही काढले. टेबलावर राहिलं ते नुसतं प्लास्टिकचं खोकं आणि त्यात बसवलेली रबरी बटणं. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे सगळा घोळ तिथेच आहे.

तिकडे टीव्ही रिमोटविना, भिंतीवरच्या बोर्डाच्या बटणाने लावलेला, आदल्या दिवशीच्याच आवाजात बोंबलत होता. नवा रिमोट मी त्याच्यावर आधीच रोखून पाहिला होता. सगळी बटणं दाबली. ढिम्म.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या.

"काय करून राहिले जावईबापू?"

"याला शिकवायचंय मामी. शिकत नाही."

"तुमी नुसते दाबून राहिले. असं शिकतं का कोनी?"

त्यांनी चहा ठेवला, ते रिकामं खोकं उचललं, नव्या रिमोटसमोर धरलं आणि लेकराला घास भरवावा तशा आवाजात म्हणाल्या, "हे बघ बाप्पा. हे आवाज कमी करायचं. घरात दुसरं मानूस बोलत असलं की हे दाबायचं. समजलं?" आणि बटण दाबलं.

लाल दिवा दोनदा मिचकला.

साडू हसले. मीही हसलो. गंमत म्हणून नवा रिमोट टीव्हीकडे धरून तेच आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं... आणि आवाज उतरत उतरत पार बंद झाला.

घरात अशी शांतता, की अंगणातली म्हैस रवंथ करताना ऐकू आली.

मामा दचकले. "चित्र तर हाय. आवाज कुठं गेला?"

साडू धावत अंगणात गेले. हिरवी पट्टी ताटात, जशीच्या तशी. खोकं माझ्या हातून ओढून त्यांनी नव्यासमोर धरलं. फडफड. मी धरलं. फडफड. सुनंदाने तर आईसारखं गोड बोलूनही पाहिलं. फडफड. मामींनी हातात घेतलं, चॅनल बदलायचं समजावलं, बंद-चालू समजावलं. प्रत्येक वेळी दोनदा मिचक. पास!

मग त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि कपबशा गोळा करू लागल्या.

मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, त्यांना म्हना, वाढवायचं बटन राहिलं."

"ज्यांला पायजे त्यांनी सांगावं," मामी कपबशांना म्हणाल्या.

टीव्हीत कोणीतरी तोंड हलवत होतं. आम्ही तिघंही जमिनीकडे बघत बसलो. मामांनी टोपी काढली, परत घातली.

"सुनंदाच्या माय," ते शेवटी म्हणाले. चार महिन्यांनी. "शिकव की ते बी."

"आन् आक्का आल्यावर?"

"मीच बंद करीन. आक्काला आनायला बी मीच जातो. त्या दिशी मला खरंच ऐकू आलं न्हाई... त्या उपाशी गेल्या, ते बी तूच नंतर म्हशीला सांगितलं तव्हा कळलं."

मामींनी पदर डोळ्याला लावला की नाकाला, मला दिसलं नाही. पण खोकं परत उचललं. "हे बघ बाप्पा. हे वाढवायचं. पर बेतानं." दोनदा मिचक.

पुढच्या आठवड्यात मामा खरंच नरसीला गेले. आक्का येऊन चांगल्या मुक्कामाला राहिल्या.

मी ते खोकं आणि नवा रिमोट हिंगोलीच्या एका टीव्ही मेकॅनिकला नेऊन दाखवले. त्याने खोक्यात डोकावलं, माझ्याकडे पाहिलं, परत डोकावलं. "साहेब, इसमें तो कुछ हैच नहीं." मी म्हटलं, तेच तर. त्याने मला चहा पाजून घरी पाठवलं.

नव्या रिमोटमध्ये आधीच कोड भरलेले असतील, असं तुम्ही म्हणाल. मग आधी टीव्ही ढिम्म का? जवळपास दुसरा कोणाचा रिमोट? मामांच्या गल्लीत तेव्हा रिमोटवर चालणारा दुसरा टीव्हीच नव्हता. साडू आणि मी यावर इतक्यांदा डोकं फोडलं, की त्या नादात आमची दोस्ती झाली. तीही एक न समजलेलीच गोष्ट.

बऱ्याच वर्षांनी मी मामींनाच विचारलं, "मामी, खरं सांगा, तेव्हा नेमकं काय केलं होतं?"

त्या शेंगा फोडत होत्या. मान वर करून त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

"काहून? तुमाला अजून आलं न्हाई का?"

नाही आलं, मामी. अजूनही नाही.