शिडाची मोटार

आमच्याकडे विलायती स्पोर्ट्स गाडी आली, तेव्हा तिच्यात एक कोंबडी बसलेली होती.

गाडी देवरूखकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्याशेजारी कित्येक वर्षं पडून होती. दोन माणसांपुरती, लांब नाकाची, उघड्या टपाची. एके काळी लाल होती म्हणे. ऐंशी सालानंतरचे दिवस होते. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत चाकावर चालणाऱ्या वस्तू म्हणजे एसटी आणि डॉक्टरांची अँबॅसिडर. मी कचेरीच्या कामाला तिकडे गेलो होतो. काम राहिलं बाजूला आणि मी त्या गाडीपुढे उभाच राहिलो. बागायतदार म्हणाले, "आवडली तर न्या. आमची जागा तरी मोकळी होईल." दुसऱ्या दिवशी पेंढ्याच्या ट्रकातून ती आमच्या अंगणात उतरली. डाव्या सीटवरची कोंबडी अंड्यांवर बसलेली होती आणि खुडूक कोंबडीला उठवण्याची छाती कोणाचीच झाली नाही, त्यामुळे तीही आली.

सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, हात पुसत बाहेर आली.

"हे काय हो?"

"गाडी!"

"ते दिसतंय. कोंबडी कोणाची?"

मी तिला अंगणाच्या कडेला घेऊन गेलो. आमचं घर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, अगदी काठाला. तिथून खाली जाणारी घाटी दिसते, घाटीच्या पायथ्याशी सुरूचं बन आणि बनाच्या पलीकडे समुद्र. मी म्हटलं, "एक दिवस आपण दोघं या गाडीतून तिथे जाऊ. टप उघडा, मी चालवतोय, तू शेजारी. वारा असा कानात शिरतोय, तुझा पदर असा मागे उडतोय..."

"मी पदर खोचते."

"त्या दिवशी खोचायचा नाही!"

मला वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही. समुद्राकडे पाहत म्हणाली, "लग्न झाल्यापासून समुद्रावर आपण दोनदा गेलोय. एकदा निर्माल्य सोडायला आणि एकदा तुमची वाहून गेलेली चप्पल शोधायला. खरंच न्याल?"

"शब्द देतो," मी म्हणालो. (शब्द देताना माणसाने आधी बॉनेट उघडून बघावं, हे शहाणपण मला नंतर सुचलं.)

आमचे वडील, अप्पा, हे सगळं ओटीवरून ऐकत होते. त्यांना स्वप्नांचा त्रास कधीच नव्हता.

"विनू, शिमग्यात पालखी येणार. ती कुठे बसते?"

"तुळशीसमोर."

"आणि हे धूड कुठे आहे?"

"तुळशीसमोर."

"मग ऐक. पालखी दारात येईपर्यंत हे स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेलं तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. देवाच्या जागेवर मी गंज बसवणार नाही!"

अशा रीतीने सुलभाची समुद्रावरची फेरी आणि भंगारवाला या दोघांची शर्यत लागली, आणि शर्यतीतला घोडा होतो मी.

सुरुवातीचे काही आठवडे दुरुस्ती फक्त उजव्या बाजूची झाली, कारण डाव्या बाजूला हात नेला की कोंबडी टोचायची. पिल्लं बाहेर पडल्यावर मी इंजिन उघडलं. प्रत्येक भाग काढून, पुसून, ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने चटईवर मांडला. फार सुरेख दिसत होतं ते! मी अभिमानाने आंघोळीला गेलो. परत येतो तो चटईवर उकडे तांदूळ वाळत घातलेले आणि इंजिन एका टोपलीत.

"चटई हवी होती," सुलभा म्हणाली. "पण एकही स्क्रू टाकला नाही हो, सगळं नीट टोपलीत भरलंय."

तिथून पुढे मदतीला धोंडूमामा आले. धोंडूमामा आमचे शेजारी. उभा जन्म बोटीच्या इंजिनखोलीत काढलेले. त्यांच्या मते जगात इंजिनं दोनच प्रकारची असतात, बोटीची आणि बिघडलेली. टोपलीतून एक एक भाग उचलून ते वासावरून त्याची जागा सांगत. सगळं जोडून झाल्यावर मूठभर वस्तू उरल्या, तेव्हा मी घाबरलो.

"अरे, बोटीवर पन उरायच्या," मामा म्हणाले. "इलायतेत जास्तीच्या घालून देतात."

गाडीला मी पुन्हा लाल रंग दिला, पण टपाचं कापड नव्हतं. तेही मामांनीच शिवलं, एका जुन्या मचव्याच्या शिडातून. सुई-दोरा शिडाचा, गाठी शिडाच्या, आणि बांधायला दोन्ही बाजूंनी दोर. गाडीवर ते चढवलं, की आमचं अंगण बंदरासारखं दिसायचं. मी दबक्या आवाजात विचारलं, "मामा, वाऱ्याने हे फुगणार नाही ना?"

"फुगाया पायजे! न फुगनारं शीड काय कामाचं?"

आता फक्त गाडी चालू होणं बाकी होतं. स्टार्टर या यंत्राने आमच्याशी असहकार पुकारलेला. म्हणून रोज संध्याकाळी ढकलणी सुरू झाली. मी मागून ढकलणार, मामा ओटीच्या पायरीवर उभे राहून हुकूम सोडणार, आणि स्टिअरिंगवर? वजनाने सगळ्यात हलकी सुलभा!

"सुलभा, दुसरा गिअर टाक! क्लच दाबून धर! विनू, हळू आगे! पुरं आगे! सोड गो क्लच!"

गाडी एक आचका द्यायची, खोकायची आणि अंगणाच्या टोकाच्या फणसाखाली जाऊन गप्प बसायची. मग ती परत तुळशीपर्यंत ढकलायची. असं रोज. मी मान खाली घालून ढकलत असे आणि डोळ्यांपुढे सुरूचं बन आणत असे. गंमत म्हणजे त्या धापा टाकण्यातही मला ते बन स्वच्छ दिसायचं. हिरवा उजेड, पायाखाली सुयांसारखी पानं, शेजारी सुलभा. डोळे उघडले, की समोर गाडीची मागची पाटी. सुलभा बिचारी कंटाळत असेल असं वाटून मला वाईट वाटे. ती गुपचूप तिसरा गिअर टाकून बघतेय, हे मला मागून कसं दिसणार?

पालखीच्या आदल्या दिवशी इंजिन खरोखर सुरू झालं! फणसापर्यंत फटफटत गेलं आणि सुलभाने पाय उचलताच बंद पडलं. मामांनी निदान केलं, "पळती हाय तवर जित्ती. थांबली की मेली. शार्कासारखी!"

"उद्या सकाळी पुन्हा ढकलू," मी सुलभाला म्हटलं. "पालखी दुपारी येईल. तोवर आपण समुद्रावर जाऊनही येऊ."

सकाळी उठून पाहतो तो हिने ठेवणीतली निळी साडी नेसलेली. मला भरून आलं.

आणि ढोल ऐकू आला! दर वर्षी वाडीच्या वरच्या टोकाकडून निघणारी पालखी त्या वर्षी खालच्या टोकाकडून निघाली होती. पहिलं घर आमचं. अंगणात गाडी, तुळशीसमोर, तशीच. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की भंगारवाला मला थेट त्यांच्या डोळ्यांतच दिसला.

पालखी नाचत अंगणात शिरली आणि थबकली. तात्या गावकार पुढे झाले. गावाच्या वतीने देवाशी बोलण्याचा मान त्यांचा. त्यांनी गाडीकडे बघितलं, देवाकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान ही इलायती गाडी आनलीन हाय, नि ती तुज्याच जाग्यावर रुतून बसली हाय. कुनाची नजरबिजर लागली आसंल तर दूर कर, नि तिला चालती कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साऱ्या वाडीने साथ दिली. सगळ्यात मोठ्याने मी.

"आता जागा मोकळी होईपत्तुर पालखी भुईला टेकायची नाय," तात्या म्हणाले. "इनू, तुमी घरवाले. तू नि अप्पा खांदा द्या. बाकीचे चला रे, लावा हात गाडीला!"

घरवाल्याने पालखीला खांदा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. नाही म्हणायची सोयच नव्हती. पुढच्या दांड्याखाली मी, मागच्या दांड्याखाली अप्पा, मधे देव. आणि एरवी खांदा बदलायला तयार असलेली सगळी मंडळी गाडीमागे! "सुलभा," मी ओरडलो, "तेवढं स्टिअरिंग धर! फणसापर्यंत!"

ती पदर खोचून बसली. मामांनी हुकूम दिला. एकट्या माझ्या जोरावर खोकणारी ती गाडी अख्ख्या वाडीच्या जोराने अशी सुटली, की ढकलणारे पालथे पडले. इंजिन गर्जलं. फणस आला. फणस गेला.

"थांब!" मी ओरडलो.

"थांबवलं तर बंद पडेल!" सुलभा ओरडली आणि अंगणाच्या फाटकातून बाहेर पडली. समोर घाटीचा उतार.

मी धावलो. पण माझ्या खांद्यावर दांडा, दांड्याला देव आणि देवामागे अप्पा! मी काठाकडे पळालो, तसे अप्पाही ओढले आले. "मेल्या, हळू!" ते मागून ओरडले. गाडी वळणाआड गेली, म्हणून मी डावीकडे सरलो. पुन्हा दिसली, म्हणून उजवीकडे. टाचा उंचावल्या, वाकलो, गोल फिरलो. ढोलवाल्याला वाटलं, पालखी रंगात आली. त्याने ठेका वाढवला. बायका कौतुकाने ओरडल्या, "बग गो, देव कसा नाचतो हाय!" तात्यांनी डोळे मिटून हात जोडले. मी "कोणीतरी खांदा द्या रे!" असं बोंबलत होतो, ते लोकांनी देवाचं नाव समजून पुन्हा एकदा "व्हय म्हाराजा!" केलं.

आणि मग गाडी खाली सुरूच्या बनाशी पोचली, आणि माझे पाय आपोआप थांबले.

समुद्र सकाळच्या उन्हात शांत पसरला होता. सुरूच्या सावल्यांमधून लाल ठिपका चालला होता, दिसत होता, लपत होता, पुन्हा दिसत होता. वाऱ्याने मामांचं शीड टम्म फुगलं होतं. आणि खोचलेला पदर सुटून मागे लांबवर उडत होता, निळा. इतके महिने मी जे डोळ्यांपुढे आणत होतो, ते जसंच्या तसं समोर होतं. इतकं सुंदर मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही. ढोल कधी थांबला, कळलं नाही. सगळी वाडी काठाला उभी राहून बघत होती.

"इंजन कवाच बंद पडलंय," धोंडूमामा हळूच म्हणाले. "शिडावर चालली हाय ती." (या मतावर ते शेवटपर्यंत ठाम होते.)

गाडी बनाच्या टोकाला जाऊन थांबली. पालखी बसली, आरती झाली, नारळ फुटला, तेव्हा कुठे सुलभा घाटी चढून आली. चपला हातात, केस मोकळे, चेहऱ्यावर वाळू. अप्पा ओटीवर खांदा चोळत बसले होते. मी भंगारवाल्याचा विषय निघण्याची वाट पाहत उभा होतो.

"तुम्ही वाऱ्याचं सांगायचात ना," ती मला म्हणाली, "कानात शिरतो म्हणून? अगदी खरं आहे हो."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "विनू, गाडी खालीच ठेवू नकोस. खारा वारा लागेल. सूनबाईंना पुन्हा लागेल ती."

तेव्हापासून ती 'सूनबाईंची गाडी' झाली. पुढे कितीतरी वर्षं ती चालली. स्टार्टर कधीच दुरुस्त झाला नाही आणि थांबली की मरण्याची सवय तिने सोडली नाही. त्यामुळे एकाने चालवायची आणि एकाने ढकलायची, ही व्यवस्था कायम राहिली. सुलभाशेजारच्या सीटवरून अप्पा फिरले, मामा फिरले, तात्या गावकार फिरले, ती कोंबडीसुद्धा एकदा फिरून आली.

आजही कोणी विचारतं, "काय हो, तुमच्या त्या स्पोर्ट्स गाडीत बसून कसं वाटायचं?"

मी सांगतो, "ते सुलभाला विचारा. मागून मात्र फार सुंदर दिसायची!"