मधली वाटी

रेनातोला त्याच्या क्लबने फसवलं. बरा होऊन ये, संघ तुझाच आहे, असं चेअरमनने हात हातात घेऊन सांगितलं आणि तो हॉस्पिटलमध्ये असतानाच त्याची जागा दुसऱ्याला दिली. गेल्या महिन्यात त्याच्या लँडलेडीचा फोन आला, तो गेला म्हणून. मला रडू आलं नाही, राग आला... तो अजून उतरलेला नाही.

लंडनजवळ वॉटफर्डमध्ये माझं भांड्यांचं दुकान आहे. इटलीत फुटबॉलच्या मैदानात मधल्या फळीतला मिडफिल्डर म्हणून उमेदीची वर्षं घालवून इथल्या एका लहानशा क्लबचा कोच झालेला हा माणूस पहिल्यांदा आला तो कॉफीसाठी पातेलं घ्यायला. मी किंमत सांगितली. तो नुसता उभा राहिला. मी वैतागलो. "अहो, थोडी घासाघीस तरी करा." तो म्हणाला, "तुम्हीच कमी कराल असं वाटलं." केली मी कमी!

दुकानात सगळे मला काका म्हणतात, म्हणून माझ्याहून थोरला असून तोही काकाच म्हणायचा. दुपारी काउंटरवर स्टीलच्या वाट्या मांडून मला खेळ समजवायचा. मधली वाटी म्हणजे तो. मिडफिल्डरने बॉलसाठी ओरडायचं नाही, मोकळ्या जागेत जाऊन उभं राहायचं, पास येतोच, असं त्याचं म्हणणं. पोरांना त्याने हेच शिकवलं आणि तळाला रखडलेला संघ वर आणला.

काम गेल्यावर मी म्हटलं, चल, दोघं चेअरमनकडे जाऊ, बोलायचं मी बघतो. तो आला नाही. शनिवारी दुकानात खिडकीपाशी बसायचा, फोन समोर ठेवून. क्लबच्या मैदानावरचा गलका वाऱ्याबरोबर इथवर यायचा... गोल कोणाचा झाला ते तो आवाजावरून सांगायचा, आणि पुन्हा फोनकडे बघायचा. एकदा मी भडकलोच. "अरे, तूच फोन कर आणि विचार त्याला."

"काका, मी कुठे उभा आहे ते त्याला माहीत आहे. पास येईल."

फ्युनरलला चेअरमन भाषणात म्हणाला, रेनातो आमच्या घरचाच होता. शवपेटीसमोर तमाशा नको म्हणून मी दात आवळून बसलो.

त्याने शेवटच्या मांडलेल्या वाट्या काउंटरवर तशाच आहेत. गिऱ्हाइकाने मागितल्या तर मी आतून दुसऱ्या आणून देतो. चेअरमनसाहेब, तुम्हाला मराठी येत नाही, कोणाकडून तरी वाचून घ्या. दुकान शनिवारी उघडं असतं. या, मधल्या वाटीसमोर उभे राहा आणि मला सांगा, तो मोकळा उभा होता, तुम्हाला दिसत होता, मग पास का दिला नाहीत?